नर्सरीत जाण्याआधी दुसऱ्यांच्या कंपाउंडात डोकवा

आमच्या ओळखीत कुणाच्या घराची वास्तुशांत झाली की आठवडाभरात माझा फोन वाजतो. "काकी, पुढं जरा जागा सोडलीय, काय लावूया सांगा की." पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊन पडतात. ते बंगळूरचे असतात, केरळचे असतात, कधी थेट थायलंडचे. त्यात अडेनियम हमखास. निळं हायड्रेंजिया हमखास. गेटच्या दोन्ही अंगांना दोन पाम आणि मधे हिरवंगार लॉन. घर कुठं, तर आपल्या बेळगावच्या वडगावात, भाताच्या शेताला लागून, ३० बाय ४०च्या साईटवर. हौसेला मोल नसतं हे खरं, पण झाडाला असतं, आणि हल्ली बरंच असतं.

मी हायस्कुलात गणित शिकवायचे. दिलेलं काय आहे ते आधी लिहा, मग आकडेमोडीला लागा, हे पोरांना सांगण्यात अख्खी नोकरी गेली. बागेचंही तेच. दिलेलं म्हणजे माती, पाऊस आणि ऊन. ते बाजूला ठेवून लोक थेट उत्तराकडं धावतात, म्हणजे नर्सरीकडं. तेही डिसेंबरात, कारण डिसेंबरात नर्सरी दिसते देखणी. थंडी पडलेली, हवा कोरडी, शेवंती फुललेली, गुलाबाला कळ्या. त्या दिवसांत बेळगावात काहीही जगतं. झाडाची खरी परीक्षा आषाढ-श्रावणात असते आणि तेव्हा नर्सरीकडं कुणी फिरकत नाही.

म्हणून माझा सल्ला ठरलेला. ऑगस्टमध्ये छत्री घ्यायची आणि जुन्या वस्तीत एक फेरी मारायची. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूरच्या गल्ल्या, कॅम्पातले जुने बंगले. कंपाउंडावरून आत डोकवायचं. दोन महिने सलग भिजूनही जे झाड ताठ उभं आहे, वर फुललेलंही आहे, त्याचं नाव लिहून घ्यायचं. कोणी विचारलं "काय बघूलाय?" तर खरं सांगायचं. आपल्याकडं झाडाचं कौतुक केलेलं कुणाला वाईट वाटत नाही. चहा मिळतो, नशीब असलं तर फांदीही मिळते.

आपला पाऊस कोकणासारखा धो धो कोसळून मोकळा होणारा नाही. शहर साधारण ७५० मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या पाठीला. वर्षाला १२००-१३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण त्यातला बराचसा झिमझिम पडत राहतो. तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसूचा, एकदा लागला की म्हातारा, म्हणजे पुष्याचा, संपेपर्यंत कपडे वाळत नाहीत. चोर्ला घाटाकडून वारा येतो, ऊन नावाला, चिऱ्याच्या भिंतीला शेवाळ धरतं. अशा हवेत झाडं तहानेनं मरत नाहीत, ती कुजून मरतात. पुण्याच्या यूट्यूबवाल्यांनी सांगितलेलं "रोज पाणी द्या" इथं जुलैत काय कामाचं?

आणि 'बेळगाव' म्हणजे तरी एक कुठं आहे? पश्चिमेला खानापूर, जांबोटी ओलांडून कणकुंबीला गेलं तर शहराच्या कितीतरी पट पाऊस. पूर्वेला गोकाक, अथणी, सौंदत्तीकडं शहराच्या निम्मासुद्धा नाही. पश्चिमेची माती तांबडी, जांभ्याची, आंबट, लोहानं भरलेली. पाणी धरत नाही, तसं खतही धरत नाही. वडगाव, येळ्ळूर, मजगावकडं भाताची काळी माती, भिजली की फुगते आणि मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एका शहरात, स्कूटरवरून पंधरा मिनिटांच्या अंतरावर, माती सगळी उलटी.

याचा पुरावा आमच्याच घरात आहे. मी टिळकवाडीत, तांबड्या मातीवर. जाऊबाई वडगावात, काळ्यावर. दोघींकडं अनंताचं झाड आहे, एकाच मूळ झाडाच्या फांद्या. माझ्याकडच्या अनंताची पानं काळपट हिरवी, तेल लावल्यागत चकाकतात, आणि मृगाचा पाऊस झाला की फुलं बसतात. तिच्याकडं कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. तिला वाटायचं खत कमी पडतंय, म्हणून ती शेणखत घालत राहिली. शेणखतानं काय होणार? मातीत लोह आहे, पण चुनखडीच्या मातीत झाडाला ते उचलता येत नाही. वरून बोअरचं जड पाणी. मी तिला सांगितलं, अनंत मोठ्या कुंडीत हलव, तांबडी माती भर, महिन्यातून एकदा बादलीत चमचाभर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून घाल. आता तिचाही अनंत फुलतो, पण कुंडीत. जमिनीत मात्र तिनं कण्हेर आणि बोगनवेल लावलीय, उंचवट्यावर, आणि ती माझ्यापेक्षा छान आलीय हे मी तिच्यासमोर कबूल करत नाही.

हायड्रेंजियाचा तो निळा रंगही मातीचाच खेळ आहे. आंबट मातीत अ‍ॅल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फूल निळं होतं, चुनखडीच्या मातीत तेच झाड गुलाबी फुलतं. फोटो बघून निळं म्हणून आणलं आणि गुलाबी निघालं तर त्यात नर्सरीवाल्याची फसवणूक नसते. खानापूर बाजूला राहात असाल तर सावलीत जरूर लावा. अथणीला राहात असाल तर फोटोच बघा.

ऊन हे तिसरं दिलेलं. लोक म्हणतात, उत्तरेला सावली असते, तिथं फर्न ठेवूया. आपण साधारण १६ अक्षांशावर आहोत. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, नंतर तो आपल्या उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिकडंच असतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीला डिसेंबरात अजिबात ऊन नाही, पण मे महिन्यात, वर्षातलं सगळ्यात कडक ऊन असताना, सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन थेट भिंतीवर. हिवाळ्यात बघून ठेवलेले फर्न मेमध्ये पापडासारखे वाळतात ते यामुळं. नवीन घरात राहायला गेल्यावर निदान एक उन्हाळा नुसतं बघावं की ऊन कुठून कुठं जातं, असं मी सांगते. कोणी ऐकत नाही. वास्तुशांतीच्या पाहुण्यांना बाग दाखवायची असते.

आता नर्सरी. आपल्याकडच्या नर्सऱ्यांतली बरीच झाडं इथं वाढलेली नसतात. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे, तिथल्या नर्सऱ्यांतून ट्रक भरभरून देशभर जातात, आपल्याकडंही येतात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातली दमट, गरम हवा, तिथं फोफावलेलं झाड आपल्याकडं नोव्हेंबरात उतरतं. त्याच्या मुळाशी चिकण मातीचा गोळा असतो, घट्ट, वाळला की विटेसारखा. तो तसाच आपल्या भुसभुशीत तांबड्या मातीत पुरला की पाणी गोळ्याच्या भोवतीनं निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. पावसाळ्यात उलटं, गोळा पाणी धरून बसतो आणि मुळं कुजतात. वर झाड टवटवीत, पंधरवड्यानं पानं लोंबायला लागतात आणि आपण म्हणतो नजर लागली. असं झाड आणलंच तर पिशवी फाडून गोळा पाण्याच्या बादलीत बुडवायचा आणि बोटांनी हळूहळू चिकण माती सोडवायची. सगळी नाही, बाहेरची निम्मी. मग लावायचं.

नर्सरीत झाड बघताना मी फूल बघतच नाही. पिशवी उचलून खाली बघते. भोकातून पांढरी, बारीक मुळं डोकावत असतील तर झाड तरणं आहे. तपकिरी, जाड मूळ पिशवीत गोल गोल फिरलेलं असेल तर ते वर्षानुवर्षं तिथंच पडून आहे, ते जमिनीतही गोलच फिरणार. नंतर पान उलटं करून बघते, किडीची पांढरी, पीठ टाकल्यासारखी चिकट वस्ती आहे का. जास्वंदीला तर नक्कीच बघावं. आमचा ठरलेला नर्सरीवाला हल्ली मला बघितलं की हसतो. "अक्का, फूल बघा की ओ, लै भारी फूल लागतंय." लागू दे. फूल त्याच्या खतावर आलंय, माझ्याकडं मूळ येणार आहे.

बरं, लावायचं काय? मला एकच झाड लावायची परवानगी मिळाली तर मी सोनटक्का लावीन. तुमच्या इन्स्टाग्रामवर तो दिसत नाही, कारण तो कुंडीत ऐटीत बसत नाही. आल्यासारखा त्याचा कंद असतो, माणसाच्या कमरेएवढा वाढतो, कधी छातीपर्यंत. त्याला पाणी साचलेली जागा आवडते, जिथं दुसरं सगळं कुजतं तिथं हा माजतो. ऑगस्ट-सप्टेंबरात, आपल्याकडं सगळ्यात मरगळलेल्या दिवसांत, संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्याच्या हिरव्या कणसातून पांढरी कळी वर सरकायला लागते. अंधार पडता पडता उमलते. फूल एवढं नाजूक की बोट लागलेल्या जागी पाकळी पाणी सुटल्यागत पारदर्शक होते. वास फाटकापर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकते आणि त्याच कणसातून दुसरी तयार असते. महिनाभर हेच. फुलून गेलेली काठी मुळापासून कापायची, नवे कोंब आपोआप येतात. खर्च शून्य, कारण सोनटक्का विकत घ्यायचा नसतो, मागून आणायचा असतो.

त्याची सोबतीण कर्दळ. जुन्या घरांत मोरीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं अळू आणि कर्दळ असायचीच. त्या बायका काही लँडस्केप डिझायनर नव्हत्या, पण सांडपाणी कुठं मुरवायचं ते त्यांना समजायचं. वडगाव-येळ्ळूर रोडला, बळ्ळारी नाल्याच्या पाण्यानं ज्यांच्या परसात दरवर्षी चिखल होतो त्यांनी डोळे झाकून कर्दळ आणि सोनटक्का लावावा. बाकीची झाडं चिऱ्याचे दोन थर रचून, वर माती भरून, उंच वाफ्यात. काळ्या मातीत भातगिरणीतला तूस आणि वाळू मिसळली तर ती श्वास घेते. तूस ताजा घालू नये, कुजवून किंवा जाळून घालावा.

डेलियाशिवाय मात्र बेळगावची पावसाळी बाग मला अपुरी वाटते. मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला, त्याला आपली थंड, ढगाळ, उंचावरची हवा मानवते. गणपतीच्या आगेमागे फुलायला लागतो आणि दसऱ्यापर्यंत चालतो. ताटलीएवढा जांभळा, नाहीतर लहान, गोंड्यासारखा पिवळा. पाण्याचा निचरा नसेल तर कंद सडतो, म्हणून उताराची जागा आणि आधाराला काठी हवीच, नाहीतर एका वाऱ्यात आडवा. दिवाळीनंतर झाड वाळलं की कंद उकरून काढायचे आणि कोरड्या वाळूत, माळ्यावर ठेवायचे. कंद वाटताना लोक रताळ्यासारखा एकेक तोडून देतात, आणि मग घेणारा मेपर्यंत वाट बघत बसतो. डेलियाचा डोळा कंदावर नसतो, तो जुन्या खोडाच्या बुडाशी, जिथं कंद जोडलेला असतो तिथं असतो. खोडाचा तुकडा कंदाला लागून आला पाहिजे, तरच वळवाच्या पावसानंतर कोंब फुटतो. कोणी तुम्हाला नुसता गुळगुळीत कंद दिला तर आभार माना आणि भाजीत घाला, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. भाजीत घालायचं त्या गंमतीनं म्हणायच्या.

सासूबाईंची सगळी बाग देवासाठी होती, त्यामुळं निवडीचा प्रश्नच नव्हता. रोज पहाटे परडी भरली पाहिजे, बारा महिने, एवढाच नियम. नीट बघितलं तर त्या नियमातून फार हुशार बाग तयार होते. थंडीत कुंद. उन्हाळ्यात मोगरा. पावसाच्या तोंडाशी अनंत. पावसात तगर आणि जास्वंद. श्रावण संपताना प्राजक्त. गौरीसाठी तेरडा आपोआप उगवायचा, "तेरड्याचा रंग तीन दिवस" म्हणतात, पण गौरी तरी तीनच दिवस असतात. वर्षातला एकही महिना रिकामा नाही. हल्ली डिसेंबरात एका दिवसात बाग 'करून घेतात', सगळं एकदम फुलतं आणि पुढचे दहा महिने नुसत्या कुंड्या.

त्यातली तगर मला सगळ्यात भरवशाची वाटते. ऊन, सावली, पाऊस, तिची तक्रार नाही. एकेरी घ्या, डबल नको. डबलची फुलं पावसात पाणी धरून तपकिरी होतात आणि फांदीलाच चिकटून राहतात, एकेरी आपली गळून मोकळी होते. तगरीवर श्रावणात एक हिरवी अळी येते, अंगठ्याएवढी जाड, शेपटाला बारकं शिंग. मानेजवळ दोन निळे, काळी कड असलेले डोळे. खरे डोळे नव्हेत, डिवचलं की ती मान आखडून तेच वटारते. शेजारच्या पोरानं साप म्हणून आरडाओरडा केला होता. ती कण्हेरीवरही असते, आणि तिचा मोठा पतंग होतो, हिरवा-गुलाबी, संगमरवरावर रेघा ओढाव्यात तशी नक्षी. चार फांद्या खाल्ल्या तर खाऊ देत. महिन्यात तगर पुन्हा भरते. फवारा मारणाऱ्यांना मी फांदी देत नाही.

मोगऱ्याचं वेगळं. तो पावसाळी झाडच नाही, त्याला पूर्ण ऊन आणि थोडा छळ लागतो. डिसेंबरअखेर पाणी तोडायचं, जानेवारीत निम्म्यापर्यंत छाटायचा, उरलेली पानंही ओरबाडून टाकायची, मग कुजलेलं शेणखत आणि पाणी. दया आली की फुलं गेली. फ्लॅटच्या बाल्कनीत, सावलीत ठेवून "काकी, पानंच येतात हो" म्हणणाऱ्यांना माझ्याकडं उत्तर नाही.

अबोली मात्र सावलीतली. पूर्वेच्या ओसरीखाली, सकाळचं दोन तास ऊन मिळेल अशी जागा. नर्सरीत मिळते ती बहुधा 'दिल्ली अबोली', गडद केशरी, फुलं मोठी. ती बी धरत नाही, फांदीच लावावी लागते. जुनी, फिकट रंगाची अबोली बी धरते, आणि तिची गंमत पहिल्या पावसात बघावी. वाळलेल्या शेंगांवर थेंब पडले की त्या तटातट फुटतात आणि बी हातभर लांब उडतं. पुढच्या महिन्यात फरशीच्या फटीतून रोपं. विकतचं शोभिवंत झाड असं कधी स्वतःहून घरभर फिरतं का?

पूर्वेकडच्या मंडळींना वाटेल मी त्यांना विसरले. माझी धाकटी बहीण गोकाकला आहे. तिच्याकडं सोनटक्का दोन पावसाळ्यांत गेला, आणि अडेनियम मात्र असं फुलतं की मला हेवा वाटतो. त्याचं ते फुगलेलं खोड म्हणजे पाण्याची टाकीच, आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं झाड. टिळकवाडीत ते मे अखेर छपराखाली घ्यावं लागतं, नाहीतर जुलैत खोड दाबलं की बोट आत जातं. तिच्याकडं ते बारा महिने गच्चीवर. निशिगंधही तिच्याच बाजूला चांगला येतो. बंगळूरच्या हेसरघट्ट्याच्या फलोद्यान संशोधन संस्थेनं काढलेल्या 'प्रज्वल' आणि 'शृंगार' या एकेरी जाती शेतकरी लावतात, त्यांचेच चार कंद परसात लावायला काय हरकत आहे? तिकडच्या लोकांना विचारायला जागाही जवळ आहे, अरभावीला उद्यानविद्येचं कॉलेज आहे.

बोगनवेल दोन्हीकडं चालते, पण वागते निराळी. ज्याला आपण फूल म्हणतो ती तिची रंगीत पानं, खरं फूल आत, पांढरं, टाचणीच्या डोक्याएवढं. पाण्याचा ताण पडला की रंग येतो. म्हणून गोकाकला ती लाल-जांभळी आणि आमच्याकडं जुलै ते सप्टेंबर नुसती हिरवी काटेरी फोफावते. ऑक्टोबरात छाटून पाणी तोडलं की संक्रांतीला रंग. गेटवर वेल हवीच असेल आणि पावसातही शोभा हवी असेल तर मधुमालती लावा. संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, एकाच घोसात तिन्ही रंग. पण ती छपरावर चढते, कौलं असतील तर विचार करा.

काय लावू नये याबद्दल मी जरा कठोर आहे. गेटजवळचे रॉयल पाम पहिले. दहा वर्षांनी त्यांचा झावळा पत्र्यावर पडतो तेव्हा घरातल्यांना उठून बसावं लागतं, आणि पाम काही छाटून बुटका करता येत नाही. फायकसचं कुंपण दुसरं, वडाचीच जात ती, मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरतात. आणि कोनोकार्पस. दोन वर्षांत हिरवी भिंत उभी राहते म्हणून लोक भुलतात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, परागकणांचा त्रास आणि पाइपलाइन-केबलीत घुसणारी मुळं ही कारणं दिली. आपल्याकडं अजून सर्रास लावतात. लॉनबद्दल एवढंच, मेमध्ये नळाला पाणी कधी येणार ते राकसकोप धरणाची पातळी ठरवते. स्वतःच्या तोंडी पाणी नाही आणि गवताला पाजताय?

घरात रांगतं मूल असेल तर डिफेनबाखिया नको, पान चावलं तर तोंड-जीभ सुजते. कण्हेर सगळीच विषारी, पिवळी बिट्टीची तर बीसुद्धा. मी कण्हेर लावू नका म्हणत नाही, जाऊबाईंकडं आहेच. पण छाटलेल्या फांद्या रस्त्यावर टाकू नका. ओली कण्हेर गुरं सहसा तोंडात घेत नाहीत, वाळली की खातात. आपल्या गल्ल्यांतून गाई मोकळ्या फिरतात, तेवढं भान असू द्या.

कीड पडली तर माझं माहेर निपाणी, त्यामुळं उपाय तंबाखूचा. वखारीतली भुकटी मूठभर, रात्रभर बादलीत भिजवायची, गाळायची, थोडं साबणाचं पाणी घालायचं. मावा जातो, जास्वंदीवरची पांढरी वस्तीही बरीच कमी होते. पण तेही विषच आहे, 'घरगुती' म्हणून निर्धास्त राहू नये. फुलांवर मधमाश्या असताना मारायचं नाही, संध्याकाळी मारायचं, हात धुवायचे. कुंड्या मी खानापूरच्या मातीच्या वापरते. प्लॅस्टिकची कुंडी पावसात पाणी कोंडते, मातीची घाम गाळते. मेमध्ये दोनदा पाणी लागतं, ते आमच्या ह्यांच्याकडं. गुलाबही त्यांच्याकडं आहेत. श्रावणात त्यांची पानं काळे ठिपके पडून गळतात आणि आमचं भांडण होतं. ऑक्टोबरात छाटणी झाली की तह होतो. त्यावर मी लिहिणार नाही, त्यांनी लिहावं.

लावण्याची वेळ म्हणाल तर वळीव पडून गेल्यावर, मृगाच्या पहिल्या आठवड्यात. मुळं धरायला तीन-चार आठवडे मिळतात, मग तरणा पाऊस आला तरी चालतो. ते हुकलं तर थेट उत्तरा-हस्त नक्षत्रांत, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, लावा. मधल्या धुवाधार दिवसांत खड्डा काढला की त्यात आधी पाणीच भरतं.

यंदा माझ्याकडं द्यायला सोनटक्क्याचे कंद आहेत, एकेरी तगर आणि कुंदाच्या मुळं फुटलेल्या फांद्या आहेत, आणि डेलिया फक्त जांभळा, पिवळा संपला. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी या, नंतर आलात तर मी देवळात असते. येताना पिशवी आणि आपल्या दारातली मूठभर माती घेऊन या, ती बघितल्याशिवाय मी अनंताची फांदी कुणाला देणार नाही.